निवळलेली निगोरी

१

मोरितांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि जमलेल्या पाहुण्यांपुढे कमरेत वाकून माफी मागितली. मग बाटली घेऊन ते आत गेले, ती अख्खी बेसिनमध्ये ओतली, नळाखाली धुतली आणि पालथी घालून ठेवली. दुबईतल्या एका बड्या हॉटेलच्या जपानी रेस्टॉरंटमध्ये बुधवारी दुपारी घडलं ते एवढंच. कोणी मेलं नाही, काही चोरीला गेलं नाही. पण संध्याकाळी ईशानी माझ्या दारात आली तेव्हा तिचा चेहरा बघून मी आधी तिला खुर्चीत बसवलं आणि मग विचारलं, कोण गेलं?

"माय जॉब, मावशी," ती म्हणाली.

ही ईशानी देवस्थळी. जन्म दुबईचा, वाढली शारजात. मी मराठीत बोलते, ती बहुतेक इंग्रजीत उत्तर देते आणि आमचं उत्तम चालतं. तिची आई माझी जिवाभावाची मैत्रीण होती. ती कोविडच्या सालात गेली, तेव्हापासून ही पोरगी अर्धी माझीच आहे. त्या रेस्टॉरंटमध्ये ती साकेची जाणकार म्हणून काम करते. साके म्हणजे जपान्यांची तांदळाची दारू. कोणती साके कशाबरोबर घ्यायची, गार की कोमट, हे गिऱ्हाइकाला सांगायचं आणि चव बिघडलेली बाटली टेबलावर जाऊ द्यायची नाही, हे तिचं काम. तिच्या वडिलांना ते सांगायची लाज वाटते. मला मुळीच वाटत नाही.

वाटेल कशी? मी, उर्मिला टिपणीस, जन्मभर मुंबईच्या एका चहा कंपनीत टेस्टर होते. चहा तोंडात घेऊन थुंकायचा पगार घेतला मी. आता मुलाकडे, दुबईत अल मनखूलला राहते. मला कोणी डिटेक्टिव्ह वगैरे म्हटलेलं खपत नाही. चवीत खोट असली की मला चैन पडत नाही, इतकाच माझा रोग आहे.

तर मोरिता हे जपानमधल्या एका छोट्या साकेभट्टीचे मालक. आपली साके पहिल्यांदाच ते आखातात घेऊन आले होते. पाच प्रकार ओळीने चाखवायचे, ते ईशानीने. शेवटचा प्रकार म्हणजे त्यांचा मानाचा, निगोरी. ही साके मुद्दामच जाडसर कापडातून गाळतात, त्यामुळे भाताचा बारीक गाळ तिच्यात राहतो आणि ती ताकासारखी पांढरट दिसते. कार्यक्रम चांगला झाला असता तर मोरिता ईशानीला वर्षभर आपल्या भट्टीत शिकायला नेणार होते. झालं उलटंच. निगोरी पेल्यात आली ती फाटलेल्या दुधासारखी, वर नितळ पाणी आणि खाली पांढऱ्या गुठळ्या, आणि चव पार गेलेली.

मोरितांचं म्हणणं, बाटली कोणीतरी नीट सांभाळली नाही. शुक्रवारी मॅनेजर मुनिबा हॉटेलला रिपोर्ट देणार होती. त्यात ईशानीचं नाव आलं की नोकरी गेली. दुबईत साके वाढणारी रेस्टॉरंटं बोटांवर मोजण्याइतकी, आणि तिथली माणसं एकमेकांना ओळखतात, तेव्हा दुसरी नोकरीही विसरा. मग व्हिसा रद्द आणि पुन्हा वडिलांच्या व्हिसावर, वडिलांच्या घरात, वडील म्हणतील तसं.

"आणि मावशी," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "दे आर सेइंग, जे झालं ते बाटली बाहेर होती तेव्हा झालं. तुमच्या फ्रिजमध्ये."

२

आता बाटली माझ्या फ्रिजमध्ये कशी, ते सांगते. मंगळवारी दुपारी रेस्टॉरंटचा फ्रिज बंद पडला. पाचांपैकी दोन बाटल्या नाजूक होत्या, ही निगोरी आणि एक नामा. नामा म्हणजे न तापवता भरलेली, कच्च्या दुधासारखी जपावी लागणारी साके. दोन्हींना गारठा हवाच. मुनिबाने ईशानीला विचारलं, रात्रीपुरत्या कुठे ठेवता येतील? ईशानीचं घर अल नहदाला, पण ते शारजाच्या हद्दीत. तिथे दारूची बाटली न्यायची सोय नाही, कायदाच आहे. म्हणून माझं घर.

दोन्ही बाटल्या दुपारीच उघडून ईशानीने आणि तिचा सहकारी तन्मय याने चाखून पाहिल्या होत्या. तेव्हा उत्तम होत्या. पुन्हा बूच लावून ईशानी त्या माझ्याकडे घेऊन आली, भाजीचा कप्पा रिकामा करून उभ्या ठेवल्या आणि मला बजावलं, हलवू नका, आडव्या करू नका. मी म्हटलं, अगं, मी काय आता बाटलीशी झिम्मा खेळू?

त्या संध्याकाळी तिचे वडीलही जेवायला होते. सूर्यकांत देवस्थळी हमरिया फ्री झोनमधल्या एका पाणी शुद्ध करायच्या कंपनीत आहेत, तिथली सॅम्पलची बॅग खांद्याला अडकवून थेट आले. मुलीला घेऊन घरी जायचं होतं. माझा वेदांग कामासाठी रियाधला होता, त्याचा व्हिडिओ कॉल आला तशा मी आणि ईशानी बाल्कनीत जाऊन बोलत बसलो. आत आलो तर सूर्यकांतांनी स्वतः उठून गार पाणी घेतलं होतं, पेलासुद्धा विसळून ठेवला होता. मी त्यांना चिडवलं, वा, सुधारलात की. एरवी हा गृहस्थ दुसऱ्याच्या घरी वाटीसुद्धा पुढे सरकवत नाही. बाटल्यांचा विषय निघाला तेव्हा मात्र त्यांनी नेहमीप्रमाणे तोंड फिरवलं. साडेआठशे दिरमची बाटली, म्हणजे वीस हजार रुपये, आणि कशासाठी, असं काहीसं पुटपुटले.

सकाळी तन्मय आणि ड्रायव्हर हमदुल्ला आले आणि बाटल्या गार डब्यात घालून घेऊन गेले. दुपारी हा प्रकार.

रेस्टॉरंटमधल्या सगळ्यांचं एकमत होतं, की बाटलीला ऊन किंवा उष्णता लागली. ईशानीने ती फ्रिजबाहेर ठेवली असणार. मी विचारलं, बाटली कुठे आहे? तर धुतली. साके? ओतली. म्हणजे पुरावा गटारात, आणि पोरगी आरोपीच्या पिंजऱ्यात. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, उद्या सकाळी मला तुमच्या त्या रेस्टॉरंटमध्ये घेऊन चल, आणि माझ्याशी सगळ्यांना मनमोकळं बोलायला सांग.

ती म्हणाली, पण चाखायला काही उरलंच नाहीये.

मी म्हटलं, ज्यांनी चाखलं त्यांची तोंडं आहेत ना अजून.

३

मुनिबा ही दुबईतच वाढलेली, नीटनेटकी, बोलण्यात गोड. तिने आदराने बसवलं, पण ती घाबरलेली होती. बाटल्या बाहेर न्यायची परवानगी तिनेच दिली होती, तेव्हा बालंट तिच्यावरही येऊ शकत होतं. मी विचारलं, चव कशी होती? ती म्हणाली, व्हेरी ड्राय. आणखी? ती विचारात पडली. बस, आंटी, ड्राय. अच्छी नहीं थी.

तन्मय हा पुण्याच्या आईबापांचा, पण शाळा-कॉलेज सगळं इथलंच. हुशार, देखणा, आणि ईशानी नसती तर जपानला तोच गेला असता, हे त्याला आणि मला दोघांनाही ठाऊक. त्याला विचारलं तर तोही तेच म्हणाला, बोन ड्राय. साकेत ड्राय म्हणजे कमी गोडीची, हे मला ईशानीने पूर्वीच शिकवलं होतं. मग गोडी गेली होती का रे? तो घुटमळला. म्हणाला, नाही, गोडी होती तशी. पण ड्राय होतं.

मी मनात म्हटलं, हे कसं काय? कमी गोड आणि गोडही. एक तर या मुलाची जीभ खोटी किंवा त्याचा शब्द खोटा. जीभ खोटी असती तर मुनिबाने त्याला कामावर ठेवला नसता.

मी त्याला बाटल्या नेल्या त्याबद्दल विचारलं. गार डबा होता? हो. बर्फाची पाकिटं? हो, अर्थात, असं म्हणताना तो माझ्या बांगड्यांकडे बघत होता. ट्रॅफिक? थोडं होतं. बाहेर गॅरेजमध्ये हमदुल्ला गाडी पुसत होता. तो पेशावरचा, अघळपघळ हिंदीत बोलणारा. त्याला मी विचारलं, की रस्त्यात गाडी कुठे थांबली का, एसी चालू होता का. तो म्हणाला, एसी एकदम ठीक, कहीं नहीं रुके. मग जरा थांबून, इकडेतिकडे बघून तो इथल्या अरबीत म्हणाला, खलास, म्हणजे बस झालं, आप को बता देता हूँ. मेरी भी नौकरी जाएगी शायद.

"डिब्बे में बर्फ था ही नहीं, माँजी. तन्मय भाई भूल गए थे."

४

तन्मय कबूल झाला. फार भांडावं लागलं नाही. बर्फाची पाकिटं फ्रीझरमध्ये राहिली, ते त्याला माझ्या इमारतीखाली आल्यावर लक्षात आलं, आणि परत जायला वेळ नव्हता. गाडीचा एसी होता, म्हणून त्याने गप्प बसायचं ठरवलं. ईशानी अडकल्यावरही तो तोंडात मूग गिळून बसला. मी त्याला मनसोक्त झापलं. ईशानी बाजूला उभी होती. तिच्या डोळ्यांत एकदम जीव आला, कारण तिला वाटलं, सापडलं.

मुनिबालाही तसंच वाटलं. उष्णता लागली, कुठे लागली ते कळलं, रिपोर्ट लिहून टाकते, असं म्हणत तिने लॅपटॉप उघडला. मी तिला थांबवलं. गुन्हेगार इतका स्वस्तात मिळाला की मला शंका येते. चहाच्या धंद्यातली ही सवय. पहिल्या घोटावर जो निकाल देतो तो माल बुडवतो.

मी तन्मयला म्हटलं, कालच्या उरलेल्या चार बाटल्या काढ आणि मला पाज. शिक्षा समज.

त्याने छोटे पेले मांडले. इथे आपण आपल्यासाठी ओतून घ्यायचं नसतं, दुसऱ्याने आपल्याला ओतायचं, अशी पद्धत. तेव्हा त्याने मला ओतलं आणि ईशानीने त्याला. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. पहिली गिंजो, खूप घासलेल्या तांदळाची. नाकाशी नेली तर पिकल्या खरबुजाचा वास, तोंडात मात्र हलकी, लगेच निसटून जाते. मग जुनमाई, वरून अल्कोहोल न घातलेली, ती ईशानीने मुद्दाम कोमट करून दिली. कुकरचं झाकण काढल्यावर इंद्रायणीची जी वाफ येते ना, तीच. मला भूकच लागली. तिसरी कोशू, वर्षानुवर्षं मुरवलेली, काकवीच्या रंगाची. सुंठ, खारीक, थोडा सोया सॉस. बाळंतिणीला द्यावी अशी. मी प्रत्येक घोट घेतला, घोळवला आणि चहासारखा थुंकला. तन्मयने डोळे विस्फारले. ईशानी त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

चौथी नामा. ही तर नुसती टवटवीत. सकाळी खुडलेल्या काकडीसारखी. मी विचारलं, काल पाहुण्यांना ही आवडली?

सगळ्यांना, तन्मय म्हणाला. मोरितासानसुद्धा खूश होते.

आणि ही कच्ची ना, तापवून न भरलेली? उष्णता लागली तर आधी कोणती बिघडेल?

ईशानीने पेला खाली ठेवला. दोन्ही बाटल्या एकाच फ्रिजमधून आल्या होत्या, एकाच डब्यात, एकाच गाडीत, बर्फाशिवाय. उष्णता लागली असती तर या कच्च्या नामाचं आधी मातेरं झालं असतं. ती तर ठणठणीत होती. म्हणजे बर्फ नव्हता, हे खरं, पण त्याने काहीच बिघडलं नव्हतं.

"मग निगोरीला एकटीलाच काय झालं?" ईशानीने चक्क मराठीत विचारलं.

मी म्हटलं, काही झालं नाही. कोणीतरी केलं.

५

मोरिता उतरले होते त्याच हॉटेलात, वरच्या मजल्यावर. साठी उलटलेले, बारीक, थकलेले गृहस्थ. त्यांचं इंग्रजी मोजकं होतं, माझं जपानी शून्य. ईशानी मध्ये बसली, पण तिच्याशी बोलताना ते तिच्याकडे बघत नव्हते, आणि ते तिला किती लागत होतं ते मला दिसत होतं.

मी म्हटलं, माझा धंदा चहाचा. ऐकल्याबरोबर ते जरा सरळ बसले. चहावाल्यांबद्दल जपान्यांना आदर असतो. त्यांच्याकडे त्याच निगोरीची आणखी एक बाटली होती, शनिवारी अबू धाबीला दाखवायची. त्यांनी ती काढली, हळूच तिरपी करून पुन्हा सरळ केली, आणि गाळ धुक्यासारखा वर चढून सगळीकडे सारखा पसरला. मला ओतली. साईसारखी मऊ, गोडसर, मागे भाताच्या पेजेचा गोडवा. वाईट काय आहे यात, मी मनात म्हटलं. आमच्या घरी आजारपणात पेज अशीच देत.

मग मी विचारलं, काल काय वेगळं लागलं? त्यांनी एक शब्द वापरला, शिबुई. ईशानीने मला सांगितलं, कालही ते हेच म्हणाले, आणि तन्मयने सगळ्यांना सांगितलं होतं, शिबुई म्हणजे ड्राय.

मी म्हटलं, थांब. तू सांगू नकोस. त्यांना म्हणावं, शिबुई करून दाखवा.

मोरितांनी विचार केला. मग त्यांनी हातात एक नसलेलं फळ धरलं, कच्चं, टणक. चावल्यासारखं केलं, आणि चेहरा असा आक्रसला, की गाल आत गेले, जीभ टाळूला चिकटली, ओठ मुडपले. मी लहानपणी आजोळी कच्चं केळं चावलं होतं तेव्हा माझं असंच झालं होतं. हिरडा तोंडात धरला की असंच होतं. चहा उकळून उकळून कडक केला की असंच होतं.

मी ईशानीला विचारलं, अगं, काल तू चाखलीस ना? जीभ अशी ओढली गेली होती का? कोरडी-खरखरीत?

हो, ती म्हणाली. एक्झॅक्टली. ड्राय.

अगं ड्राय नाही गं बाई. तुरट. याला तुरट म्हणतात.

तिने तो शब्द ऐकलाच नव्हता. आईने कदाचित कधी सांगितला असेल, पण इथल्या शाळेत, इथल्या हॉटेलात कोण वापरतो? तीन मुलं, जीभ एकेकाची सोन्याची, आणि योग्य शब्द नाही म्हणून सगळ्यांनी ड्राय म्हटलं. साकेत ड्राय असतंच, म्हणून कोणाला संशय आला नाही. गोडी तशीच राहिली होती. फक्त तिच्यावर तुरटपणा येऊन बसला होता.

आता दोन गोष्टी एकत्र ठेवा. गढूळ पांढरं पाणी, त्याच्या गुठळ्या होऊन खाली बसलेल्या, वर नितळ. आणि तुरट चव. गढूळ पाणी स्वच्छ करायला आपण त्यात काय फिरवतो, हे आमच्या पिढीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

तुरटी, मी मोठ्याने म्हणाले. मोरितांना कळलं नाही, ईशानीलाही नाही. मला मात्र पुढचं सगळं कळलं. वैऱ्याने हे केलं नव्हतं. साके कळणाऱ्याला बाटली नासवायची असती तर त्याने ती उन्हात ठेवली असती, कोणाला पत्ता लागला नसता. नामालाही सोडलं नसतं. ज्याने हे केलं त्याने नितळ बाटलीला हातही लावला नाही, फक्त गढूळ ती निवळवली. म्हणजे त्याला गढूळपणाच दोष वाटला होता. आणि ती बाटली गढूळ असायलाच हवी, हे त्याला कधीच कोणी सांगितलं नव्हतं, किंवा त्याने विचारलं नव्हतं.

बाटली माझ्या घरी असताना माझ्या घरी असा माणूस एकच होता. आणि तो त्या दिवशी स्वतः उठून स्वयंपाकघरात गेला होता.

ईशानी विचारत होती, मावशी, हू? मी म्हटलं, उद्या सांगते. त्या पोरीला मी पहिल्यांदाच टाळलं. कारण मला भीती वाटत होती, की त्याने ते चुकून केलं नसेल. मुलीची नोकरी गेली की ती परत त्याच्याच व्हिसावर येणार होती, हे माझ्याही ध्यानात होतं.

६

अल नहदाला सूर्यकांतांच्या घरी मी एकटी गेले. ईशानी कामावर होती. त्यांनी दार उघडलं, मला बसवलं, सवयीने बायकोच्या फोटोखालची खुर्ची सोडून दुसऱ्या खुर्चीत बसले. मी चहा नको म्हटलं. आडवळण मला जमत नाही.

"सूर्यकांत, तुरटी किती टाकलीत?"

त्यांनी कोपऱ्यातल्या बॅगेकडे पाहिलं. मग म्हणाले, "चिमूटभर. बॅगेत सॅम्पल होतं."

फ्रिज उघडला तो खरंच पाण्यासाठी, ते म्हणाले. बाटली समोर दिसली. वर पाणी, खाली पांढरा चोथा. त्यांना वाटलं, नासलीये. उद्या जपानी साहेबासमोर पोरगी तोंडघशी पडेल. आयुष्यभर त्यांनी दुसरं काय केलं होतं? गढूळ पाणी स्वच्छ केलं. बूच काढलं, पूड टाकली, बाटली दोनदा तिरपी केली. मुलीला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. तर म्हणाले, मीच तिला बजावलं होतं, तुझ्या त्या बाटल्यांकडे मी ढुंकूनही बघणार नाही. मग हात लावला, हे कुठल्या तोंडाने सांगू?

माझा जीव भांड्यात पडला. मुद्दाम नव्हतं. वेडेपणा होता, पण माया होती त्यात. एकदा, फक्त एकदा त्यांनी विचारलं असतं, ईशानी, हे असं पांढरं का गं, तर काहीच झालं नसतं. मी उठायला लागले. आणि मग मला आठवलं, की आज गुरुवार आहे.

मी म्हटलं, काल संध्याकाळी ईशानीने तुम्हाला सगळं सांगितलं असेल. निगोरीच्या गुठळ्या झाल्या, चव गेली, माझ्यावर येणार. तुम्हाला तेव्हाच कळलं असेल.

कळलं, ते म्हणाले.

मग?

त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसत बसले. आधी वाटलं, दुसऱ्याच कशाने तरी झालं असेल. मग वाटलं, सांगतो सकाळी. सकाळी ती रडत कामावर गेली, आणि त्यांच्या मनात आलं, की जाऊ दे ना ही नोकरी. येईल घरी. माझ्या व्हिसावर राहील. एखादं बँकेतलं काम बघू, स्थळं बघू. लोकांना सांगायला तरी तोंड राहील. सकाळपासून मनात तेच घोळत होतं, आणि मी ते घोळू दिलं, ते म्हणाले.

मी त्यांना एक शब्द बोलले नाही, आणि माझ्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट आहे. फक्त म्हटलं, उद्या दुपारी रेस्टॉरंटमध्ये या. मुनिबा रिपोर्ट पाठवायच्या आत. मी तुमच्यासाठी बोलणार नाही.

ते म्हणाले, तिथे मी कधी पाऊल ठेवलेलं नाही.

मी म्हटलं, माहीत आहे.

७

आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि दारातच थबकले, कारण समोर भिंतभर बाटल्या होत्या. मुनिबा, तन्मय, मोरिता आणि ईशानी एका टेबलाशी बसले होते. सूर्यकांत उभेच राहिले. त्यांनी इंग्रजीत, ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलतात तसं, सगळं सांगितलं. तुरटी. चिमूटभर. नासली असं वाटलं. माय डॉटर डिड नॉट नो. आणि मग कोणी विचारलं नव्हतं तरी म्हणाले, आय न्यू ऑन वेन्सडे. फॉर अ डे अँड अ हाफ आय केप्ट क्वाएट.

बोलताना ते मोरितांकडे बघत होते. ईशानीकडे बघायची त्यांची छाती झाली नाही.

मोरिता उठले. मला वाटलं, निघून जातात. पण त्यांनी ईशानीसमोर उभं राहून तिला नमस्कार केला, कमरेत वाकून, पाहुण्यांपुढे वाकले होते तसंच. तुला दोष दिला, ते चुकलं, असं म्हणाले. मग विचारलं, हिवाळ्यात येशील का? भट्टीचं काम हिवाळ्यातच सुरू होतं. मुनिबाने रिपोर्टमध्ये घडलं ते लिहिलं, बाटली बाहेर ठेवायची परवानगी आपण दिल्याचंही लिहिलं. तन्मयने बर्फाची गोष्ट स्वतःच त्यात घालायला लावली, तेव्हा त्याच्याबद्दल माझं मत थोडं सुधारलं.

ईशानी मोरितांना हो म्हणाली. हसली नाही. नोकरी राहिली, नाव राहिलं, जपान मिळालं, आणि पोरगी अशी बसून होती, की जणू तिचं काहीतरी गेलंय.

संध्याकाळी ती माझ्या घरी आली, खांद्याला मोठी बॅग. म्हणाली, मावशी, हिवाळ्यापर्यंत मी इथे राहू का? मी म्हटलं, वेदांगची खोली आहे, त्याला हॉलमध्ये झोपवू. तेवढ्यात बेल वाजली. सूर्यकांत होते. मागोमाग गाडी काढून आले असणार. त्यांच्या हातात तिचा चार्जर होता, घरी विसरलेला.

तिने तो घेतला. त्यांना आत या म्हणाली नाही, आणि मीही म्हणाले नाही. घर तिचं नव्हतं, आमचं होतं, तरी म्हणाले नाही.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"येस, बाबा." जेवली नव्हती.

"रागावलीस ते बरोबर आहे," ते म्हणाले. "पण मी ते चांगल्यासाठीच टाकलं होतं गं. चुकून झालं."

मला वाटलं, ही आता इंग्रजीत काहीतरी बोलून दार लावेल. पण ती सावकाश बोलली, एकेक शब्द शोधत, मराठीत, त्यांना नीट कळावं म्हणून.

"टाकलंत ते चुकून, बाबा. मला माहीत आहे. पण गप्प बसलात ते मुद्दाम."

सूर्यकांतांनी मान हलवली. मग "बरं" म्हणाले, दाराबाहेर काढलेल्या चपला घातल्या आणि खाली गेले.